धुराड्याच्या टोकावरचा धूर

लाकडावर चालणारी, काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी पेटवून अर्धा तास झाला की बाहेर येऊन धुराड्याच्या टोकाकडे नजर टाकावी. तिथे नुसती हवा थरथरताना दिसली, तर आत सगळं ठीक आहे. दाट करडा धूर निघत असेल, तर न जळलेलं इंधन वर चाललंय. त्यातलं काही आकाशात जातं, उरलेलं धुराड्याला आतून चिकटतं. या शेगडीचे बरेचसे धोके इथूनच सुरू होतात.

दोष बहुधा सरपणाचा असतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मंसुद्धा पाणी असू शकतं. त्याची वाफ करण्यातच आगीची ताकद खर्च होते. जाळायचं लाकूड म्हणजे 20 टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं. त्यासाठी ते आधी फोडायला हवं, कारण सालीसकट अख्खा ओंडका फार सावकाश सुकतो. फोडलेलं सरपण जमिनीपासून वर उचलून रचा. वरून झाका, बाजू मात्र उघड्या ठेवा. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली की ओल आतच कोंडते. मऊ लाकूड एका कोरड्या हंगामात तयार होऊ शकतं, कठीण लाकडाला दोन वर्षंही लागतात. ओलावामापकाच्या सुया टोकाला टोचल्या तर आकडा फसवा येतो, टोक आधी सुकलेलं असतं. लाकूड फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजा.

रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, कीडरोधक रसायन मुरवलेल्या फळ्या आणि प्लास्टिक शेगडीत जाता कामा नये. समुद्रातून वाहून आलेलं लाकूडही नको. त्यातलं मीठ लोखंड खातं.

आता पेटवणं. जाड लाकडं तळाशी, त्यांवर बारीक, सगळ्यांत वर काटक्या, आणि काडी वरूनच लावायची. आग हळूहळू खाली उतरते, खालच्या लाकडातून सुटणारे वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळतात. या वेळी हवेच्या झडपा पूर्ण उघड्या. धुराडं गार असेल तर आतली थंड, जड हवा खाली दाबते आणि धूर खोलीत येतो. अशा वेळी आधी कागदाचा एक बोळा शेगडीच्या आत, धुराड्याच्या तोंडाशी जाळून वाट तापवून घ्या. तरीही धूर येतोय? स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद करा. दारंखिडक्या लावलेल्या घरातून तो हवा खेचतो, आणि ती भरून काढायला बाहेरची हवा धुराड्यातूनच आत उतरते. रॉकेल, पेट्रोल कधीही नाही.

आग धरली की खालची झडप टप्प्याटप्प्याने कमी करा. ज्वाळा मात्र जिवंत दिसत राहायला हवी. रात्रभर ऊब टिकावी म्हणून शेगडी ठासून भरायची आणि झडप जवळजवळ मिटायची, ही सवय फार जणांना असते. याहून वाईट सवय शोधून सापडणार नाही. लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. काच काळी पडते, ती पहिली खूण. धुराड्यात धूर साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली गेला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं भिंतीवर बसतात. यालाच क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला ती भुसभुशीत काजळी असते, मग कुरकुरीत खपल्या, आणि शेवटी चकचकीत काळा थर. पहिले दोन प्रकार ब्रशने निघतात. चकचकीत थर ब्रशला दाद देत नाही, त्यासाठी धुराडं साफ करणारा जाणकार लागतो.

हा थर पेटला की धुराड्यातून आगगाडी धडधडत गेल्यासारखा आवाज येतो. आतलं तापमान 1000 अंशांच्या पुढे जाऊ शकतं. सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. हाताशी वेळ असेल तरच शेगडीचं दार आणि झडपा बंद करा. पाणी ओतू नका. वाफेचा झोत उसळतो आणि तापलेलं अस्तर तडकतं. नंतर आग आपोआप विझली असली, तरी तपासणी होईपर्यंत शेगडी पेटवायची नाही.

म्हणून वर्षातून एकदा, हंगामाआधी धुराडं साफ व्हायलाच हवं. मध्येच काजळी 3 मिलिमीटर जाड दिसली तर तेव्हाही. शेगडीला जोडलेल्या नळीचं चुणीदार, निमुळतं टोक खाली शेगडीकडे हवं, म्हणजे ओघळणारा चिकट द्रव सांध्यातून बाहेर न येता आतच परततो. दाराच्या कडेला हवा अडवण्यासाठी बसवलेली दोरीही तपासा: दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. ती सहज सुटली तर तिथून हवा शिरतेय, आग झडपेच्या ताब्यात राहणार नाही. दोरी बदला.

तळाशी अडीच सेंटीमीटर राख राहू द्या, निखारे तिच्यात टिकतात. बाकीची घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, सिमेंटवर. राखेतले निखारे काही दिवस जिवंत राहतात, त्यामुळे व्हॅक्यूम क्लीनर, कागदी पिशवी किंवा लाकडी ओटा चालत नाही.

राहिला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी हीच त्याची लक्षणं. तो ओळखणारा अलार्म शेगडीच्या डोक्यावर न लावता 1 ते 3 मीटर अंतरावर लावा, झोपायच्या खोलीतही एक असू द्या, आणि महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून तपासा. तो वाजला तर आग विझवत बसू नका. आधी घराबाहेर पडा.