आधी सांगा, न्याय हवा की तडजोड?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो आणि आठवडाभरात वकील गाठतो. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातल्या हसिदी, म्हणजे गुरूला मानणाऱ्या कर्मठ पंथांच्या ज्यूंसाठी मात्र ती नुसती म्हण नाही. आपसातला वाद आपलं न्यायासन सोडून परस्पर सरकारी कोर्टात नेणं त्यांच्या धर्मशास्त्राला मंजूर नाही. मग वरच्या मजल्यावरच्यानं बाल्कनी पुढे काढली तर काय करायचं?

हसू नका. सुक्कोतच्या सणात ही मंडळी आठवडाभर फांद्यांनी शाकारलेल्या मांडवात जेवतात, आणि मांडवावर उघडं आकाश लागतं. बाल्कनी वाढली की खालच्याचा मांडव बाद. आपल्याकडे वरून पाणी गळतं म्हणून भांडतात, तिथं आकाश अडलं म्हणून.

शेजाराच्या बाबतीत तालमूद, म्हणजे ज्यूंचा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथसंग्रह, भलताच बारीक आहे. त्यातला 'बावा बात्रा' हा ग्रंथ उघडतो तोच सामाईक अंगणात भिंत घालण्याच्या प्रश्नावर. भिंत चार हात उंच, कारण शेजाऱ्याच्या अंगणात नुसतं बघणं हेसुद्धा त्याचं नुकसानच.

आता निवाडा करणार कोण? दय्यान, म्हणजे न्यायशास्त्री. एक पद्धत अशी, की दोन्ही पक्षांनी एकेक दय्यान निवडायचा आणि त्या दोघांनी तिसरा. रेब्बे म्हणजे पंथाचा गुरू, त्याचं काम वेगळं. त्याच्याकडे माणूस एकटा जातो, चिठ्ठीवर आपलं नि आईचं नाव लिहून गाऱ्हाणं मांडतो. दय्यानाला नेमकं हेच वर्ज्य: दुसरा पक्ष समोर नसताना एकाचं ऐकायचं नाही. एकोणिसाव्या शतकात आजच्या पोलंडमधल्या सान्झचे हाईम हाल्बरस्टाम हे गावचे रब्बीही होते, म्हणजे धर्मशास्त्राचे निवाडे देणारे, आणि रेब्बेही. एकाच माणसानं हे दोन कान कसे सांभाळावेत, हा मला या विषयातला सर्वांत अवघड भाग वाटतो.

सुनावणीच्या सुरुवातीलाच दय्यानानं विचारायचं असतं, 'न्याय हवा की तडजोड?' विचारणं हे पुण्यकर्मच मानलंय. कारण निकालानंतरही दोघांना एकाच जिन्यानं वर-खाली करायचंय! तडजोड ठरली, तर पक्षकार हातरुमाल धरून उचलतात. रुमाल उचलला की बांधले गेले. हल्ली सोबत लवादाच्या करारावर सह्याही घेतात, म्हणजे न्यूयॉर्कचं कोर्ट तो निवाडा अमलात आणू शकतं.

आणि याच विल्यम्सबर्गमध्ये सात्मार या हसिदी पंथाच्या रेब्बेंच्या दोन मुलांचे गट पंथाच्या प्रार्थनामंडळाच्या ताब्यावरून भांडले, तेव्हा प्रकरण गेलं कुठं? सरकारी कोर्टात. राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयानं २००७ साली सांगितलं, हा धर्मातला प्रश्न आहे, आम्ही यात पडणार नाही.