निवृत्तीचं वय नसलेली माणसं

हे हात बघा. विळा धरून धरून बोटं आत वळलीत, तरी पकड सुटलेली नाही. एका पिळात पेंढी बांधून होते. पुढच्या ओळीतला तरुण अजून पहिल्याच पेंढीशी झटतोय. या शेताला हजेरीपट नाही, म्हणून सेवानिवृत्तीची तारीखही नाही.

जगात पासष्टीनंतरही काम करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक असंघटित कामात आहेत, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा हिशेब आहे. विकसनशील देशांत तर हीच नेहमीची गोष्ट.

आता हे बांधकाम. घमेलं उचलून द्यायला दुसरा माणूस लागतो. एकदा डोक्यावर चढलं की शिडीवरची चाल मात्र ठाम. पाय कुठे टाकायचा, हे वर्षानुवर्षांच्या सवयीनं ठाऊक झालेलं.

याच माणसांचा विचार १९८० च्या जूनमध्ये जिनिव्हात झाला होता. श्रम संघटनेनं शिफारस क्रमांक १६२ मंजूर केली. नोकरी आणि प्रशिक्षण देताना वय आड येऊ देऊ नका. काम माणसाच्या ताकदीला जुळवून घ्या. तास हळूहळू कमी करत न्या. निवृत्ती शक्यतो ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडा. किती शहाणपणाची कलमं! पण शिफारस कुणावर बंधनकारक नसते, आणि ही कलमं पाळायची तर आधी मालक हवा. इथं काम संपलं की मुकादमही बदलतो.

सरकारं निवृत्तीचं वय वाढवतात, ते पगारदारांचं. चीननं जानेवारी २०२५ पासून पुरुषांसाठी ते साठवरून टप्प्याटप्प्यानं त्रेसष्टवर न्यायला सुरुवात केली. शिडीवरच्या या माणसाला त्यानं काय फरक पडणार?

फरक पडतो तो दुसऱ्या धोरणानं. बोलिव्हियानं २००८ मध्ये साठीपुढच्या सगळ्यांना पेन्शन लागू केली, आधी वर्गणी भरली होती का, हे न विचारता. अशी पेन्शन हातात असली की माणूस काम सोडेलच असं नाही, पण घमेलं नाकारू शकतो. ती नसली की कर्ज होतं, औषधं लांबणीवर पडतात.

ही रोपवाटिका. पिशव्यांत माती भरणं, रोपं निवडणं, झारीनं पाणी घालणं. वेग कमी चालतो, नजर मात्र अनुभवी लागते. सरकारी खर्चानं चालणाऱ्या प्रत्येक कामावर अशी कामं साठीपुढच्यांसाठी राखून ठेवा, पूर्ण मजुरीनं. आणि पेन्शन मिळते म्हणून ती मजुरी कापू नका.