एका दुर्बिणीच्या पंगतीला बसलेले दोन गट

श्रोतेहो, नमस्कार.

नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या मोठमोठ्या तबकड्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पाहायला कुणालाही मिळतात. वापरायला मात्र अर्ज करावा लागतो, समिती तो तपासते, आणि मागणारे उपलब्ध वेळेपेक्षा जास्त असतात. जगातल्या प्रत्येक मोठ्या रेडिओ दुर्बिणीची हीच रड. त्यावर एक तोडगा आहे: एकच दुर्बीण एकाच वेळी दोन गटांनी वापरायची. त्याला खगोलशास्त्रज्ञ ‘कमेन्सल’ हा शब्द वापरतात, त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘एका मेजावर जेवणारे’. आपण म्हणू, एका पंगतीचे.

प्वेर्तो रिकोमधली आरेसिबोची रेडिओ दुर्बीण घ्या. डोंगरांतल्या खळग्यात ३०५ मीटरची बशी, जागची न हलणारी. २००५पासून ‘अल्फाल्फा’ नावाचा गट तिथे रात्रीमागून रात्री आकाश नुसतं वरून सरकू देत होता. त्यांना दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन हवा होता.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरची, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेची, रेडिओ लहर सोडतो. एकटा अणू त्यासाठी सरासरी कोटभर वर्षं घेतो. पण अवकाशात अणूच इतके, की लहरींची रिपरिप थांबतच नाही. आता गंमत पाहा. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताहेत, म्हणून त्यांच्या लहरी १४२० मेगाहर्ट्झच्या खाली घसरून पोचतात. आपल्या आकाशगंगेतली लहर मात्र १४२०च्या आसपासच राहते. अल्फाल्फाच्या लेखी ती अडगळ! ‘गाल्फा’ या दुसऱ्या गटाला नेमकी तीच हवी होती.

मग दुर्बिणीच्या एकाच ग्राहकातला (रिसीव्हरमधला) संकेत दोन वाटांनी नेला. गाल्फाच्या यंत्राने सुमारे सात मेगाहर्ट्झचा अरुंद पट्टा घेतला आणि त्याचे ८१९२ बारीक भाग पाडले. त्यामुळे कुठला वायू किती वेगाने सरकतोय, हे सेकंदाला किलोमीटरच्या पाचव्या हिश्शापर्यंत कळू लागलं. अशा उपऱ्या निरीक्षणांच्या प्रकल्पाचं नावच होतं ‘टर्न ऑन गाल्फा’. म्हणजे, बाबांनो, तुमचं काम चालू द्या, फक्त आमचंही बटण दाबा!

पाहुण्याला वाढलेलं खावं लागतं, हेही खरं. अल्फाल्फाची नजर आकाशगंगेच्या दाट पट्ट्यापासून दूर होती, तेव्हा त्या पट्ट्यासाठी गाल्फाला वेगळा वेळ मागावा लागला. मला तरी हा सौदा स्वस्तातला वाटतो. २०११मध्ये त्यांनी ३०४६ तासांची निरीक्षणं सर्वांसाठी खुली केली. त्यांत हायड्रोजनचे केसासारखे बारीक तंतू दिसले, आणि पुढे कळलं की ते आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने ओळीत लागलेले आहेत.

१ डिसेंबर २०२०ला बशीवर टांगलेला सुमारे ९०० टनांचा सांगाडा खाली कोसळला. तोवर या दोघांचंही जेवण उरकलं होतं.