बेन ऑल्डर : सायकलवरून पायथ्यापर्यंत, पायी माथ्यापर्यंत

पर्थहून इन्व्हर्नेसला जाणारा लोहमार्ग स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून उत्तरेकडे चढत जातो. या मार्गावरचा 452 मीटर उंचीचा द्रुमोख्तरचा घाट ओलांडला की थोड्याच वेळात डॅलविनीचे छोटेसे स्थानक येते. मोजकी घरे, व्हिस्कीची एक जुनी भट्टी आणि चहूकडे मोकळे माळ एवढाच या गावाचा पसारा आहे. येथे उतरलेल्या गिर्यारोहकाला ज्या डोंगरावर जायचे असते तो बेन ऑल्डर मात्र नैऋत्येला दूर, कोणताही सार्वजनिक मोटाररस्ता पोहोचत नाही अशा ठिकाणी उभा आहे. त्याची उंची 1148 मीटर, म्हणजे ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर असलेल्या बेन नेव्हिसपेक्षा जवळजवळ दोनशे मीटरने कमी. तरीही तो दुर्गम गणला जातो, कारण त्याच्या पायथ्याशी पोहोचण्यासाठीच सुमारे 15 किलोमीटर अंतर कापावे लागते आणि माथा गाठून झाल्यावर तेवढेच अंतर परतावे लागते.

हे अंतर पायी कापायचे ठरवले, तर जाण्याचे चार तास आणि येण्याचे चार तास डोंगरावरच्या चढाईखेरीजच खर्ची पडतात. त्यामुळे पूर्वापार लोक येथे मुक्कामाच्या तयारीने येत आले आहेत. सायकल असेल, तर साधारण सराव असलेला माणूस तेच अंतर दीड ते दोन तासांत पार करतो आणि एका दिवसात माथा गाठून परत येणे शक्य होते. सायकलने डोंगर सोपा होत नाही, फक्त त्याच्यासाठी वेळ मोकळा होतो, आणि हा फरक या मोहिमेत फार महत्त्वाचा आहे.

स्कॉटलंडच्या गिर्यारोहणात सायकल ही नवी गोष्ट नाही. सर ह्यू मनरो यांनी 1891 मध्ये तीन हजार फुटांहून, म्हणजे 914 मीटरहून उंच शिखरांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीतल्या शिखरांना आजही त्यांच्याच नावाने ‘मनरो’ म्हणतात आणि सध्या त्यांची संख्या 282 आहे. ही शिखरे सर्वांत आधी पूर्ण केल्याचा मान 1901 मध्ये ज्यांना मिळाला, ते धर्मोपदेशक आर्चिबाल्ड रॉबर्टसन आपल्या भटकंतीत सायकलचा भरपूर उपयोग करत. मोटारी दुर्मीळ होत्या आणि रेल्वे सर्वत्र पोहोचलेली नव्हती, अशा काळात स्थानक आणि पायथा यांच्यामधले अंतर त्यांनी सायकलने सांधले. त्यामुळे आज जी माणसे डोंगराशी सायकलने जातात, ती एका जुन्या आणि प्रतिष्ठित परंपरेतली आहेत, असे मी मानतो.

डॅलविनीहून निघणारी वाट लॉख एरिख्त या सरोवराच्या वायव्य काठाने जाते. हे सरोवर सुमारे 23 किलोमीटर लांब असून अतिशय अरुंद आहे. भूपृष्ठातल्या एका जुन्या भेगेच्या रेषेवर हिमनदीने ही दरी खोल कोरली, म्हणूनच तिची दिशा इतकी सरळ आहे. पाण्याची पातळी मात्र निसर्गाने ठरवलेली नाही, कारण सरोवराच्या दोन्ही टोकांना बांध घातलेले आहेत आणि येथले पाणी दक्षिणेकडे रॅनखच्या वीजकेंद्रासाठी नेले जाते. काठाचा रस्ता हा तेथील जमीनदारीचा खासगी रस्ता आहे. तो खडीचा, घट्ट दाबलेला आणि बराचसा सपाट असल्यामुळे जाड टायरची कोणतीही धडधाकट सायकल येथे चालते. सुमारे 10 किलोमीटरवर बेन ऑल्डर लॉज ही शिकारीच्या हंगामासाठी बांधलेली वास्तू येते. तेथून रस्ता सरोवराची साथ सोडतो आणि झाडीतून चढू लागतो. या चढावर बहुतेकांना गियर उतरवत उतरवत शेवटी खाली उतरून सायकल ढकलावी लागते.

खासगी जमिनीवरून कोणाचीही परवानगी न मागता जाता येते, हे स्कॉटलंडचे मोठेपण आहे. स्कॉटिश संसदेने 2003 मध्ये जमीन सुधारणेचा कायदा संमत केला आणि त्यातील प्रवेशाचे हक्क 2005 पासून लागू झाले. पायी, सायकलवर किंवा घोड्यावरून बहुतेक सर्व जमिनींवर आणि पाणवठ्यांवर जाण्याचा हक्क या कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. जबाबदारीने वागणे ही त्याची एकमेव अट आहे. फाटक जसे असेल तसेच ठेवावे, गुराढोरांना त्रास देऊ नये, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात हरणांची शिकार चालू असताना कोणत्या बाजूला माणसे आहेत याची आधी चौकशी करून मार्ग ठरवावा. गावातून सरोवराकडे जाताना लागणारे रेल्वेफाटक 2021 मध्ये कुलूपबंद करण्यात आले आणि त्यावर मोठा वाद झाला. रुळांपलीकडे जाण्याची सध्याची वाट कोणती, याची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण रूळ ओलांडण्याचे धाडस कोणत्याही शिखरासाठी करण्यासारखे नाही.

झाडी संपली की एकदम उघडा माळ समोर येतो. डाव्या हाताला बेन ऑल्डरचा भव्य पूर्व कडा पहिल्यांदा दिसतो आणि पुढे लॉख पॅटॅक हे उथळ तळे लागते. या तळ्याभोवती दणकट बांध्याची हायलँड तट्टे मोकळी चरत असतात. शिकार केलेले हरीण डोंगरावरून खाली आणण्यासाठी ही तट्टे पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहेत, आणि पुढे डोंगरात शिरणाऱ्या अरुंद पाऊलवाटा त्यांच्याच चालण्यासाठी एकोणिसाव्या शतकात आखल्या गेल्या. आज गिर्यारोहक ज्या सुखद चढणीच्या वाटांचे कौतुक करतात, त्या मुळात ओझे वाहणाऱ्या जनावराला झेपेल अशा बेताने बांधल्या आहेत.

येथेच दिवसाचा सर्वांत विचारपूर्वक घ्यायचा निर्णय समोर येतो, तो म्हणजे सायकल कोठे ठेवायची. माळावरची जमीन पीटची आहे. हजारो वर्षे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे आणि वनस्पतींचे थर साचून ती बनली असून पावसानंतर ती भिजलेल्या स्पंजसारखी होते. अशा जमिनीवर चाक एकदा गेले की दोन बोटे खोल, गुळगुळीत कडांची चर उठते. पुढच्या पावसात पाणी नेमके त्या चरीतून वाहू लागते, तिचा तळ धुऊन नेते, आणि चालणारे लोक चिखल टाळण्यासाठी बाजूच्या हेदरच्या झुडपांवरून जाऊ लागल्यामुळे वाट दरवर्षी रुंदावत जाते. म्हणून कडक रस्ता जेथे संपतो तेथे सायकल थांबवणे योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. वाट कोरडी आणि खडकाळ असेल, तर पुढच्या कुलरा या निवाऱ्यापर्यंत जायला हरकत नाही. ओली असेल, तर अर्धा-पाऊण तास जास्त चालावे.

कुलरा ही ऑल्ट अ खोल-री या नदीकाठची बोथी, म्हणजे वाटसरूंसाठी खुले ठेवलेले साधे निवारागृह. बेन ऑल्डरला येणाऱ्या कित्येक पिढ्यांनी येथे रात्री काढल्या. पुढे इमारतीत ॲस्बेस्टॉस आढळल्यामुळे ती मुक्कामासाठी बंद करण्यात आली, त्यामुळे एका दिवसात जाऊन येण्याच्या पद्धतीला अधिकच महत्त्व आले. मुसळधार पावसानंतर ही नदी फार वेगाने फुगते. पाणी चढलेले दिसले, तर ती पायी ओलांडण्याचा विचार सोडून द्यावा.

चढाईचा सर्वांत सुंदर मार्ग लाँग लेखस या ईशान्येकडच्या सोंडेवरून जातो. कुलराच्या परिसरातून माथा सुमारे 700 मीटर उंच आहे. आधी हेदरमधून, मग गवतातून आणि शेवटी उघड्या कातळावरून चढ वाढत जातो. वरच्या भागात सोंड अरुंद होते आणि हातांचा आधार घेत चढावे लागते. कातळ कोरडा असताना पकडी मोठ्या आणि भरवशाच्या मिळतात, तरीही दोन्ही बाजूंना उतार खोल असल्याने पाऊल तपासून टाकावे लागते. शेजारची शॉर्ट लेखस ही सोंड अधिक उभी आहे. या दोन्ही सोंडा ईशान्य बाजूला असण्याला कारण आहे. नैऋत्येकडून येणारा वारा पठारावरचा बर्फ उडवून याच बाजूला साचवतो, ऊनही येथे कमी पडते, आणि हिमयुगात अशा सावलीतल्या साठ्यांतूनच हिमनद्या तयार होऊन त्यांनी डोंगराच्या कुशीत खोल अर्धगोल दऱ्या कोरल्या. दोन दऱ्यांमध्ये जे उरले, त्याच या धारा.

चढ संपतो आणि अनपेक्षितपणे विस्तीर्ण, जवळजवळ सपाट पठार लागते. बारीक शेवाळ, विखुरलेले दगड आणि त्यांत अचूक मिसळून जाणारे टार्मिगन पक्षी यांखेरीज येथे फारसे काही नाही. माथ्यावर सर्वेक्षणाचा खांब आहे. स्वच्छ हवेत येथून दक्षिणेला रॅनखचा माळ आणि पश्चिमेला बेन नेव्हिसच्या बाजूच्या रांगा दिसतात. ढग खाली उतरले, तर मात्र हेच पठार संकटाचे ठरते, कारण दिशा कळावी असे काहीही दिसत नाही आणि पूर्वेचा कडा अचानक तुटतो. त्याच्या कडेवर वसंतातही बर्फाचे छज्जे पुढे आलेले असतात. होकायंत्र आणि कागदी नकाशा वापरता येणे ही येथली किमान पात्रता आहे. मोबाइलला सिग्नल मिळेल असे गृहीत धरू नये. बचाव पथके स्वयंसेवकांची आहेत, ती मोबदला घेत नाहीत, आणि त्यांना या डोंगरापर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो.

याच दूरपणाने एकदा एका माणसाला वाचवले आहे. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या लढाईत पराभूत झालेला, आपल्या घराण्यासाठी ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट अनेक महिने सरकारी सैन्याला चुकवत फिरत होता. सप्टेंबरमध्ये त्याने क्लूनी मॅकफर्सन या सरदाराच्या गुप्त आसऱ्यात, बेन ऑल्डरच्या उतारावर, काही दिवस काढले. फ्रेंच जहाज आल्याची बातमी त्याला तेथेच पोहोचली आणि त्याच महिन्यात त्याने देश सोडला.

माथ्यावरून दक्षिणेकडे कड्याच्या कडेपासून सुरक्षित अंतर राखत उतरले की ब्यालख ब्रेबॅग ही खिंड येते. येथून 1019 मीटर उंचीचे बेन व्योल हे दुसरे मनरो शिखर गाठता येते किंवा खाली उतरून खिंडीखालच्या तळ्याकाठच्या वाटेने थेट कुलराकडे वळता येते. दोन शिखरे एका दिवसात करण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण खिंडीत उभे राहून घड्याळ आणि स्वतःचे पाय या दोहोंना विचारावे. जून महिन्यात येथे दिवस साडेसतरा तासांचा असतो, म्हणून उशीर पचून जातो. ऑक्टोबरमध्ये तो पचत नाही.

सायकलीपाशी परतल्यावर आधी कोरडे कपडे घालावेत, कारण चालताना न जाणवलेली थंडी सायकलवर वाऱ्यात लगेच जाणवते. टायरमधली हवा आणि ब्रेक तपासून मगच निघावे. झाडीतल्या उतारावर खडी निसटते आणि थकलेला हात ब्रेक उशिरा दाबतो, तेव्हा वेग आवरता ठेवावा. लॉजपाशी सरोवर पुन्हा भेटले की पुढचे 10 किलोमीटर बहुधा सुखाचे जातात, कारण सरोवर नैऋत्य ते ईशान्य असे पसरले आहे आणि सकाळी समोरून झोंबणारा नेहमीचा नैऋत्य वारा आता पाठीशी असतो. डॅलविनीला मोजक्याच गाड्या थांबतात आणि अनेक गाड्यांत सायकलसाठी आधी जागा राखून ठेवावी लागते. परतीची गाडी सकाळीच निश्चित केलेली असावी आणि तिच्या वेळेवरून उलट मोजत माथ्यावरून निघण्याची वेळ ठरवावी.