किल्ली खिळ्यावर आहे
(कोल्हापुरातल्या एका तालमीवरच्या माहितीपटाचं निवेदन)

[अंधार. फावड्याचा आवाज. आठ सेकंद निवेदन नाही.]

पहाटेचे चार. रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी उठायला अजून तासभर आहे. इथं मात्र चार पोरं गुडघाभर माती खालची वर, वरची खाली करताहेत. हौदा म्हणजे कुस्ती खेळायची मातीची जागा. याला म्हणायचं हौदा उकरणं. व्यायामाची सुरुवात हीच. खांदे, कंबर, पंजे, सगळं या फावड्यावरच तापतं. यासाठी गडी लावलेला नाही. ज्याची पाठ या मातीला लागणार आहे, त्यानंच ती रोज मऊ करायची.

[दार बाहेरून. वर पाटी.]

नाव पाटीवर आहे, मी वेगळं सांगत नाही. पेठेतही कुणी पूर्ण नाव घेत नाही. 'तालमीत गेलाय', 'तालमीजवळ थांब', 'तालमीचा गणपती', एवढ्यावर भागतं. कोल्हापुरात प्रत्येक पेठेचं असंच. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, फिरंगाई, अवचितपीर, नंगीवली. पत्ता सांगताना आमचा माणूस रस्त्याचं नाव सांगत नाही, तालीम सांगतो.

[चौकट, जवळून. खिळा, त्याला किल्ली.]

हा खिळा बघा. दाराला कुलूप आहे आणि किल्ली त्याच दाराच्या चौकटीवर. आम्ही हसलो, तेव्हा तालमीचा कारभार बघणाऱ्या पंचांतल्या एका काकांनी उलट विचारलं, आत न्यायला आहे काय? माती? नेणाऱ्यानं न्यावी की, फक्त चाळून परत आणून टाकावी.

ही किल्ली कुणा एकाच्या खिशात जात नाही, यावरच हा सगळा कारभार उभा आहे.

[वरून घेतलेलं दृश्य: मातीचा ढीग, घमेली, पातेली, लिंबांचं पोतं.]

वर्षातून एकदा हौदा नवा करतात. नेमका तो दिवस आम्हाला चित्रीकरणात सापडला, त्यामुळं इथं जरा थांबू.

जुनी माती बाहेर काढून उन्हात घातली होती. ती वाळली. आता चाळण. ही वाळूची चाळण आहे, गल्लीतल्या गवंड्याकडून मागून आणलेली. मातीत एक खडा राहिला तर कुणाची तरी पाठ सोलवटते, म्हणून चाळणीखाली पडलेलंही परत हातानं बघायचं. या पोराची बोटं बघा. घरात आई तांदूळ निवडते, तशी हा माती निवडतोय. कमी पडेल तेवढी तांबडी माती ट्रॉलीनं आणलेली आहे, ती कोपऱ्यात दिसते.

[पातेल्यात काव. मग हळद. रंग बदलतो.]

काव, म्हणजे गेरू. हळद. कुटलेला कापूर. ताक. तेल. लिंबं. शेवटी वरून थोडं तूप. कशाचं किती, हे प्रत्येक तालमीचं वेगळं. वस्ताद बदलला की प्रमाण बदलतं आणि जुने मल्ल कट्ट्यावर बसून आठवडाभर तक्रार करतात, की पूर्वीची माती कशी लोण्यासारखी होती. हळद आणि लिंबू कातडीसाठी. अंगावर अंग घासलं की खरचटतं, आणि तेवढ्यावर नायटा एकाकडून दहा जणांकडं जातो. तेल-ताक मातीसाठी. त्यानं माती धुरळा होऊन नाकात जात नाही आणि ढेकूळ होऊन टोचतही नाही.

[मूठ वळते. उघडते. मातीचा लाडू.]

परीक्षा ही. मूठ वळली की लाडू झाला पाहिजे, आणि बोट लावलं की लाडू फुटला पाहिजे. हा फुटला नाही. म्हणजे ओल जास्त झाली. आणा अजून दोन घमेली कोरडी.

[लिंबं पिळणारे म्हातारे हात. कॅमेरा वर, चेहऱ्याकडं.]

लिंबं पिळणारे हे दोघं पंच. एक रिटायर एसटी कंडक्टर, दुसऱ्यांचं किराणा दुकान. कान बघा त्यांचे. चारही मोडलेले. आमच्याकडं मोडका कान असला की दुसरं ओळखपत्र लागत नाही. माझे शाबूत आहेत. सहावीत असताना चार महिने आलो होतो इथं. कान मोडायच्या आत सुटका करून घेतली.

[जुनी छायाचित्रं. मग खासबाग, ड्रोनमधून.]

तालमींना बळ दिलं ते राजर्षी शाहू महाराजांनी. मल्लांना खुराक दिला, गावोगावचे मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले. 1902 साली ते विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचं कलोझियम पाहिलं, आणि 1912 साली खासबागचं मैदान उभं राहिलं. वरून बघितलं की युक्ती कळते. मैदान बशीसारखं उतरतं ठेवलंय आणि हौदा मधोमध उंचावर, त्यामुळं पुढच्याच्या फेट्याआड मागच्याची कुस्ती जात नाही. एवढ्या मोठ्या मैदानात वाईट जागा नाही. हे मैदान महापालिकेचं. तालमी मात्र पेठांच्या.

दरबार गेला, खुराक गेला, तालमी राहिल्या. मग पैसा आला कुठून? वर्गणीतून. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला गेले तेही असंच. लोकांनी पैसे गोळा केले, कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. त्या पैशातून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. कांस्य.

[टेबल. लाल कापडी बांधणीची वही उघडते.]

आता ही वही. मातीइतकी ती देखणी नाही, पण ती नसेल तर दार उघडं राहत नाही.

कागदोपत्री तालीम म्हणजे सार्वजनिक न्यास. संस्था नोंदणी 1860 च्या कायद्यानं, न्यास 1950 च्या कायद्यानं. धर्मादाय कार्यालयात नोंद, तिचा पीटीआर उतारा, म्हणजे न्यासांच्या नोंदवहीतली नक्कल, या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी देव्हाऱ्यामागं. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज टाकायचा. एखादा पंच वारला तर तेराव्याच्या आसपासच चिटणीस मृत्यूचा दाखला मागायला त्याच्या घरी जातो, आणि घरच्यांना वाईट वाटतं. पण नाही टाकला अर्ज, तर पुढं बँकेत सही चालत नाही. 31 मार्चला हिशेब मिटवायचा, ऑडिट करून घ्यायचं. रस्त्याकडचे दोन गाळे भाड्यानं दिलेत, तेच खरं उत्पन्न. तिथंही मनाचा कारभार नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करायचा तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी. विकायची तर गोष्टच नको. ही अट कटकटीची वाटते खरी, पण पेठेतल्या जागांचे आजचे भाव बघता, तालीम जागेवर दिसते ती निम्मी या एका कलमामुळं, असं माझं मत आहे.

[वहीचं पान, जवळून. बोट ओळीवरून सरकतं.]

वाचा. लाईट बिल. घरफाळा. हळद. लिंबं. नळाची चावी. मल्लाच्या गुडघ्याचा एक्स-रे. परत लाईट बिल. आणि इथं, वेगळ्या अक्षरात, 'ताक: जमा, पैसे नाहीत'. ताक शेजारच्या घरातून आलं, पैसे घेतले नाहीत, तरी वहीत आलं. ऑडिटरला याचं काय करायचं ते कळत नाही. चिटणीस ऐकत नाहीत. आलं ते लिहायचंच, म्हणतात.

वस्तादांना पगार नाही. गुरुपौर्णिमेला फेटा, नारळ, आणि पट्ठ्यानं मैदान मारलं तर इनामातला त्यानं आणून पायाशी ठेवलेला वाटा. मल्लांकडून महिन्याला घेतात ते नावापुरतं. ज्याला तेही जमत नाही, त्याचं नाव वहीत असतं, रकाना रिकामा असतो, आणि त्यावर कुणी बोलत नाही. उशिरा उठलं, मातीत चप्पल घालून गेलं, मोबाईल घेऊन हौदाच्या काठावर बसलं, तर दंड आहे. पैशात नाही. जोर मारायचे, दोनशे, मोजणारा समोर बसलेला.

[सकाळ. जोर, बैठका. दोरावर चढणारा मल्ल. शड्डूचा आवाज वर. वीस सेकंद निवेदन नाही.]

[लढती. वस्ताद काठावर.]

हे खेळवणं. मोठा लहानाला अंगावर घेतो, ताकद रोखून. वस्तादांच्या तोंडून शब्द पडतात ते तेवढेच. 'पट काढ.' 'ढाक लाव.' 'हात सोडू नको, अरं, सोडलास.' 

[गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी. चरवीत धार.]

संध्याकाळचा गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस समोर, धार समोर, पाणी घालायला वावच नाही. फेस बसायच्या आत पेला रिकामा. तालमीतली पोरं चरवी घेऊन येतात. यातली बरीचशी कोल्हापूरची नाहीत. कुणी शाहूवाडीचा, कुणी सीमेपलीकडच्या चिकोडीकडचा, कुणी सोलापूर भागातला. मोहोळचा सिकंदर शेख असाच इथल्या गंगावेस तालमीत राहिला आणि 2023 ला महाराष्ट्र केसरी झाला. बाप शेतावर किंवा हमालीवर, महिन्याच्या महिन्याला तांदूळ-ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावरून पाठवतो. पेठ त्यांना 'आमची पोरं' म्हणते. त्यांनी मैदान मारलं की मिरवणूकही पेठच काढते, मग गाव कुठलंही असो.

[स्वयंपाकाची खोली. मोठी कुंडी, लाकडी दंडा. बदाम भिजलेले.]

थंडाई. बदाम, खसखस, मगज, मिरी, खडीसाखर. मिक्सर आहे तालमीत, एका दुकानदारानं दिलेला, तो खोक्यात आहे. कुंडीत घोटतात, कारण घोटणं हाही हाताचा व्यायाम. बदामाचा किलोचा भाव ऐकल्यावर आमच्या कॅमेरामनने एकच बदाम उचलला आणि परत ठेवला.

[गणपती. त्याच खोलीत, पलीकडं, पीरपंजा. मग शाहू स्टेडियम, फुटबॉल.]

तालीम फक्त कुस्तीची नाही. इथं गणपती बसतो, मोहरमला पंजाही बसतो, काही वर्षी तिथी जुळते तेव्हा दोन्ही एकाच छताखाली, आणि दोन्हींची वर्गणी एकाच पावतीपुस्तकावर. फुटबॉल तर या शहराचं दुसरं वेड. शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या संघांची नावं ऐका, तालमीच आहेत. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. जर्सी, बूट, सरावाचा चहा-वडा, सगळं पेठेतून निघतं. सामना हरला की शिव्याही पेठेतूनच.

[गावच्या जत्रेतलं मैदान. हलगी, घुमकं, कैताळ.]

जत्रेच्या मैदानात पहिल्या कुस्त्या रेवड्यांवरच्या. हे सात-आठ वर्षांचं पोर बघा, लंगोट त्याच्यापेक्षा मोठा. जिंकलं तर मूठभर रेवड्या, हरलं तरी चिमूटभर. शेवटची कुस्ती एक नंबरची, लाखातली. मधलं अंतर तालमीत कापायचं असतं.

[हौदा, पाण्याखाली. मोबाईलवर घेतलेलं जुनं चित्रीकरण.]

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा पेठेत शिरली. 2021 च्या जुलैत परत. हौदा गेला, माती परत केली. मधल्या वर्षी कोरोनात मल्ल घरी गेले, त्यातले काही आले नाहीत.

[मॅट. पांढरे दिवे.]

पुढचं मॅटवर आहे, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. ऑलिंपिक मॅटवर, नोकरीच्या भरतीतली पदकं मॅटवर. महाराष्ट्र केसरीला गादी, म्हणजे मॅट, विभाग आणि माती विभाग वेगळे, आणि दोघांतले विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. मागच्या खोलीत मॅट आहे, पोरं दुपारी तिथं खेळतात. काही पेठांत हौदा बुजवून फरशी घातली गेली. तिथं आता गणपतीचं सामान राहतं. मुली मुरगूडला कुस्ती शिकतात, मोठ्या स्पर्धा मारतात; या दाराच्या आत मात्र अजून आलेल्या नाहीत.

[रात्र. पंचांची बैठक, हौदाच्या काठावर. चहाचे ग्लास.]

महिन्याची बैठक. विषय एक, पत्रा. पावसाळ्याआधी बदलायला हवा. गाळेवाला म्हणतो, मी बदलतो, मला दहा वर्षांचा करार द्या. तरुण दोघं-तिघं म्हणतात, देऊन टाका, आयुक्तांकडं अर्ज करू. कंडक्टर काका ऐकत नाहीत. दहा वर्षं बसला की गाळा त्याचा झाला, पुढं दारही त्याचंच. आवाज चढतो. कुणीतरी चहा वाढतं. ठरतं ते हे: उद्यापासून पावतीपुस्तक फिरवायचं, घराला जमेल तेवढे, आणि पत्रा पेठेनंच घालायचा. जमतील का पैसे? चिटणीसांनी वहीत नवं पान काढलंय आणि वर 'पत्रा' एवढंच लिहिलंय.

[जळता बल्ब. भिंतीवरचा फळा, खडू.]

झोपायच्या आधी फळ्यावर उद्याची पाळी लागते. दळण, चिकोडीकर. भाजी, धाकटा मोहोळकर. दूध, दोघं. हौदा, जोड नंबर तीन.

[पाण्याचा हबका मातीवर. बल्ब बंद. दार ओढल्याचा, मग किल्ली खिळ्याला लागल्याचा आवाज.]