गाडी पाणी खाते, फरशी मात्र कोरडी

इंदूरच्या राजेंद्रनगरातील ही गाडी पाणी खाते, अशी मालकांची तक्रार आहे. ओंकारेश्वरला जाऊन आले, की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, टाकीच्या खालच्या खुणेखाली उतरलेले असते, पण गाडी उभी राहते ती फरशी कोरडी ठणठणीत. अशा वेळी हेड गॅस्केटचे, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचे, नाव सर्वांत आधी निघते आणि खर्चाच्या विचाराने झोप उडते. एवढी घाई नको.

रेडिएटरचे झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवते, म्हणूनच निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल हे रसायन असलेले कूलंट १२० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. सिमरोलजवळचा भेरूघाट चढताना हा दाब वाढतो, एरवी मिटलेली बारीक भेग उघडते आणि बाहेर पडलेल्या थेंबाची तापलेल्या धातूवर तिथल्या तिथे वाफ होते. मागे उरतो तो फक्त सुकलेला रंगीत ओघळ.

म्हणून मिस्त्री गाडी रात्रभर थंड होऊ देतात. सकाळी झाकणाच्या जागी दाब दाखवणारा काटा असलेला हवेचा हातपंप बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब देतात आणि काट्याकडे पाहत थांबतात. काटा उतरू लागला, की टॉर्च घेऊन होजचे म्हणजे रबरी नळ्यांचे क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लास्टिकचा सांधा आणि कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखालचे बारीक भोक तपासले जाते. हे भोक आतले सील झिजल्याची खबर मिळावी म्हणूनच ठेवलेले असते. या गाडीत गुलाबी, खरखरीत पापुद्रा नेमका तिथेच सापडला.

काटा जागचा हलला नसता, तर झाकणाची स्प्रिंग तपासावी लागली असती. काचेवर धुके, गोडसर वास आणि पायाखाली ओली मॅट असेल, तर ज्यातून कूलंट फिरते त्या केबिनच्या हीटरकडे पाहावे लागते. गॅस्केटची पाळी त्यानंतर येते: टाकीतील हवेने चाचणीचे निळे द्रावण पिवळे पडले, तर सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरत आहे असे समजावे.

तोवर नळाचे पाणी ओतत राहणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने ग्लायकॉल पातळ होते, क्षार साचतात आणि गळतीचा रंग फिका पडून शोधायची खूणच पुसली जाते.

पंप बदलल्यावर हीटर पूर्ण उघडून इंजिन चालवावे लागते. अडकलेली हवा निघून गेली, की पातळी एकदा पुन्हा उतरते, आणि तीच नवी गळती समजून काही जण मिस्त्रींशी भांडायला येतात.