दोन मिनिटं काहीच नाही

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवाल्यांना सगळ्यात जास्त धास्ती कशाची असते, ठाऊक आहे? शांततेची. दहा सेकंद आवाज गेला तरी इकडे पळापळ सुरू होते. आणि आज मी सांगणार आहे ती रेकॉर्ड सुरूच होते दोन मिनिटांच्या शांततेने.

बँडचं नाव क्रॅस. इंग्लंडातला, पंक, म्हणजे बंडखोर, कर्कश रॉक वाजवणारा. एपिंगच्या जंगलाकडच्या एका जुन्या घरात ही मंडळी एकत्र राहायची, मंचावर काळे कपडे घालायची. १९७८ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली, ‘द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड’. येशूने पाच हजार लोकांना जेवू घातलं, ती गोष्ट. पण नावामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. पाच हजारांपेक्षा कमी प्रती छापून मिळत नव्हत्या!

तर झालं असं, की पहिलंच गाणं होतं ‘असायलम’. गाणं कसलं, येशूवर केलेला थेट हल्ला. प्रती छापायला गेल्या आयर्लंडमधल्या कारखान्यात. तिथल्या कामगारांनी ते ऐकलं आणि साफ सांगितलं, आम्ही हे छापणार नाही. आता काय करायचं? बँडने गाणं काढलं, पण जागा सोडली नाही. तिथे दोन मिनिटं काहीच ठेवलं नाही. हो, काहीच नाही. वर त्या शांततेला नाव दिलं, ‘द साउंड ऑफ फ्री स्पीच’. मुक्त अभिव्यक्तीचा आवाज! सुई फिरतेय, खरखर ऐकू येतेय, आणि ऐकणारा वाकून बघतोय, बिघडलं की काय? हल्ली गाणी पुढे ढकलत ऐकणाऱ्यांना यातली गंमत कळायची नाही, पण ते असो.

मला विचाराल तर त्या कामगारांचा मला राग येत नाही. हुकूम मानू नका, असंच तर क्रॅसही ओरडून सांगत होते.

पुढे अनार्को-पंक, म्हणजे कुठलीच सत्ता न मानणारं पंक, म्हणून जी लाट आली, तिचा उगम बरेच जण या रेकॉर्डमध्येच शोधतात. पुन्हा कोणी अडवायला नको म्हणून क्रॅसने स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू केलं आणि १९७९ मध्ये तेच गाणं नव्या रूपात स्वतंत्र छापलं. किंमत फक्त ४५ पेन्स. फक्त हिशेबात व्हॅट धरायचा राहून गेला, त्यामुळे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे पदरचे पैसे गेले.